वाचकांचे प्रश्न : संपूर्ण घराला लॅमिनेट फ्लोअरिंग

लॅमिनेटविषयी आलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. ठाण्याच्या वाचक भगिनींच्या पत्रात बहुतेक सर्व प्रश्न येऊन जातात, म्हणून त्यांचे उत्तर विस्ताराने दिले आहे.

प्रश्न : आमची ठाण्यातील सदनिका तिसऱ्या मजल्यावर असून इमारत सुमारे तीस वर्षांची आहे. घरात सगळीकडे जुन्या मोझॅक लाद्या आहेत. त्या उखडताना होणारा आवाज, धूळ आणि राडारोडा टाळावा म्हणून त्यांच्यावरच, संपूर्ण घरात, लॅमिनेट फ्लोअरिंग टाकण्याचा विचार आहे. चटईक्षेत्र साधारण ६५० चौरस फूट असून दिवाणखाना, दोन शयनगृहे, स्वयंपाकघर, दोन न्हाणीघरे आणि छोटी गॅलरी अशी रचना आहे. घरात ७८ वर्षांच्या सासूबाई व सात वर्षांचा मुलगा आहे. एक दुकानदार १२ मिलिमीटर जाडीच्याच पट्ट्या घ्या असे सांगतो, तर दुसऱ्याच्या मते ८ मिलिमीटर पुरेशा आहेत. जाडी, दर्जा आणि रंग यांची निवड कशी करावी?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आपण जाडीचा प्रश्न प्रथम विचारला आहे, तो मी मागे ठेवतो, कारण पट्टी पातळ होती म्हणून वाया गेलेली लॅमिनेटची जमीन माझ्या पाहण्यात फारशी नाही. ती वाया जाते पाण्यामुळे आणि खालच्या उंचसखल पृष्ठभागामुळे. दुकानांत या वस्तूला सर्रास ‘वुडन फ्लोअरिंग’ म्हणतात, पण त्या नावावर जाऊ नये. पट्टीचा गाभा म्हणजे लाकडाचे बारीक तंतू राळेत मिसळून, प्रचंड दाबाखाली तयार केलेला एचडीएफ नावाचा घट्ट फळा असतो. त्यावर लाकडाच्या रेषांचे चित्र छापलेला कागद, कागदावर मेलामाइन राळेचा पारदर्शक थर, त्या थरात झीज रोखण्यासाठी मिसळलेले अॅल्युमिनिअम ऑक्साइडचे कण आणि पट्टी वाकू नये म्हणून तिच्या पाठीला आणखी एक थर, अशी तिची रचना असते. वर सांडलेले पाणी मेलामाइनमधून आत जात नाही. ते दोन पट्ट्यांच्या सांध्यातून जाते आणि गाभ्यातील तंतू एकदा फुगले की वाळल्यावरही पूर्वीसारखे बसत नाहीत. ही जमीन १९७७ साली स्वीडनमध्ये पेर्स्टॉर्प या कंपनीने विकसित केली. आपल्याकडे रोज सकाळी बादली आणि फडके घेऊन घर पुसले जाते, हे ती तयार करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर असण्याचे काही कारण नव्हते.

म्हणून कागदावर घराचा साधा आराखडा काढून, पाणी कुठे सांडते, कुठून ठिबकते आणि ओले पाय कुठून कुठे जातात, याच्या खुणा आधी कराव्यात. न्हाणीघरे आणि गॅलरी ओघानेच बाहेर पडतील. स्वयंपाकघराबद्दल मतभेद होऊ शकतो. परंतु पाण्याचा फिल्टर, ओटा, भांडी घासण्याची जागा आणि कदाचित धुलाईयंत्रही जिथे आहे, तिथे लॅमिनेट टाकू नये, असेच मी सांगेन. ओट्याखालचा नळ रात्रभर ठिबकत राहिला तरी मोझॅकवर फक्त पाणी साचते. लॅमिनेटमध्ये ते पट्ट्यांखाली पसरते आणि आठवड्याभराने दिवाणखान्याच्या दारात कडा वर आलेल्या दिसतात. स्वयंपाकघरातील मोझॅकला पॉलिश करून घ्या. घर एकसारखे दिसावे अशी फारच इच्छा असेल, तर तेवढ्या भागात एसपीसीच्या पट्ट्या घ्याव्यात. त्यांचा गाभा चुनखडीची भुकटी आणि पीव्हीसी यांचा असल्यामुळे तो पाण्याने फुगत नाही, आणि लॅमिनेटशी जुळणारी लाकडी छटाही त्यांत मिळू शकते. मात्र दोन्ही प्रकार एकाच सलग जमिनीत जोडू नयेत. दारात पट्टी देऊन ते वेगळे ठेवावेत.

यातून एक अडचण निर्माण होते आणि ती थेट आपल्या सासूबाईंशी संबंधित आहे. ८ मिलिमीटरची पट्टी आणि तिच्याखालचा २ ते ३ मिलिमीटरचा फोम मिळून जमीन १० ते ११ मिलिमीटरने वर येईल. शयनगृहातून स्वयंपाकघरात किंवा न्हाणीघराकडे जाताना तेवढीच पायरी तयार होते. डोळ्यांना ती जेमतेम दिसते, म्हणूनच रात्री पाय अडखळण्यास पुरेशी ठरते. अशा प्रत्येक ठिकाणी रिड्यूसर म्हणजे उतरती पट्टी बसवून घ्यावी आणि तिचा रंग जमिनीहून थोडा वेगळा ठेवावा. न्हाणीघराला संगमरवराचा उंबरठा असेल, तर त्याच्या आणि लॅमिनेटच्या मधली फट सिलिकॉनने भरावी व बाहेर चांगले पाणी शोषणारे पायपुसणे ठेवावे. ते दररोज उचलून वाळवावे लागेल, कारण ओले पायपुसणे दिवसभर एकाच जागी पडून राहिले तर त्याखालचे सांधे हमखास फुगतात. सासूबाईंसाठीच पट्टीचा पृष्ठभाग चकचकीत नसून खरखरीत पोताचा, मॅट असावा.

मोझॅकवर लॅमिनेट टाकता येते, आणि त्यासाठी ती उखडावी लागत नाही. तथापि तीस वर्षांच्या जमिनीत काही लाद्या खचलेल्या, काही पोकळ झालेल्या असणारच. लाकडी दांड्याने ठोकत घरभर फिरावे. जिथे ढबढब आवाज येईल तिथे खडूने खूण करून त्या लाद्या पुन्हा पक्क्या बसवाव्यात. नंतर दोन मीटर लांबीची सरळ अॅल्युमिनिअमची पट्टी आडवी-उभी फिरवून पाहावी. तिच्याखाली कुठेही ३ मिलिमीटरहून अधिक फट दिसता कामा नये. उंचवटे घासून घ्यावेत आणि खोलगट भाग सेल्फ-लेव्हलिंग, म्हणजे ओतल्यावर आपोआप सपाट पसरणाऱ्या, मिश्रणाने भरावेत. ‘फोम जाड टाकू, सगळे झाकले जाईल’ असे मिस्त्री म्हणाला, तर त्याला नम्रपणे थांबवावे. जाड मऊ फोमवर पाऊल पडले की सांधा खाली दबतो, वर येतो, आणि असे हजारो वेळा झाले की त्याची कुलपासारखी अडकणारी कड तुटते. चालताना कट्कट् आवाज येतो तो बहुतेक वेळा याच कारणाने. न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीचा रंग पापुद्र्यांनी सुटत असेल, तर ती गळती बंद होईपर्यंत कामच सुरू करू नये. फोमखाली २०० मायक्रॉनचा पॉलिथिनचा कागद, जोडांवर एकमेकांवर चढवून व चिकटपट्टी लावून, अंथरून घ्यावा. तिसऱ्या मजल्यावर जमिनीतली ओल येत नसली तरी काँक्रीटच्या स्लॅबमधला दमटपणा अडवायला तो हवाच.

आता दर्जा आणि जाडी. पेटीवर एसी ३, एसी ४, एसी ५ असे लिहिलेले असते. इथे एसीचा वातानुकूलनाशी संबंध नाही. ईएन १३३२९ या युरोपीय मानकानुसार वरच्या थराची झीज सोसण्याची ती प्रतवारी आहे. शयनगृहांना एसी ३ पुरते. दिवाणखान्यात बाहेरच्या चपलांबरोबर वाळू येते आणि लहान मुलाच्या खेळण्यांची चाके दिवसभर फिरतात, म्हणून तिथे एसी ४ असावे. आणि सगळीकडे एकच पट्टी टाकायची असल्यामुळे अर्थातच सर्वत्र एसी ४ घ्यावे. एसी ५ हे दुकाने-कार्यालयांसाठी आहे, घरात त्याचे पैसे वसूल होत नाहीत. जाडीचा या प्रतवारीशी काही संबंध नाही: ८ मिलिमीटरच्या आणि १२ मिलिमीटरच्या पट्टीवर वरचा थर तोच असू शकतो, आणि पाण्याने दोन्हींचे गाभे फुगतात. जाड पट्टी पावलाखाली अधिक भरीव वाटते, तिचा आवाज कमी पोकळ येतो आणि सांधा थोडा मजबूत असतो, हे खरे. पण त्यासाठी आपल्याला पायरी आणखी ४ मिलिमीटरने वाढवावी लागेल आणि प्रत्येक दार उतरवून त्याला जास्त रंधा मारावा लागेल. आपल्या घराला ८ मिलिमीटर योग्य आहे. वाचलेली रक्कम जमीन सपाट करण्यावर खर्च करावी. दुकानदाराकडून दोन-तीन कंपन्यांचे तुकडे मागून घ्यावेत, ते रात्रभर पाण्यात बुडवून सकाळी कडांची जाडी साध्या स्केलवर पाहावी. ज्याची कड कमी फुगली तो गाभा चांगला. ही प्रयोगशाळेतील कसोटी नाही, तरी रंगीत माहितीपत्रकापेक्षा ती पुष्कळ प्रामाणिक असते. गाभ्यातील राळेतून फॉर्मल्डिहाइड हा त्रासदायक वायू सुटतो; त्याच्या उत्सर्जनासाठी पेटीवर ‘ई१’ किंवा त्याहून कडक दर्जाचा उल्लेख आहे ना, हेही पाहावे; मुलाच्या खोलीसाठी मी याबाबत तडजोड करणार नाही.

बसवताना एक नियम पाळला नाही, तर बाकीचे सगळे निष्फळ होते. लॅमिनेटची जमीन खाली कुठेही चिकटवलेली किंवा खिळ्यांनी ठोकलेली नसते. ती एकसंध चटईसारखी वर ‘तरंगत’ असते आणि हवेतील दमटपणाबरोबर आकुंचन-प्रसरण पावते. मे महिन्यात बसवलेली जमीन जुलैत रुंदावते. म्हणून भिंतीपासून, खांबांपासून आणि दाराच्या चौकटींपासून सर्व बाजूंनी ८ ते १० मिलिमीटर जागा मोकळी सोडून ती स्कर्टिंगखाली झाकावी, आणि स्कर्टिंग भिंतीला ठोकावे, जमिनीला नव्हे. प्रत्येक खोलीच्या दारात टी-प्रोफाइल, म्हणजे इंग्रजी ‘टी’च्या आकाराची जोडपट्टी, देऊन खोल्या एकमेकींपासून सुट्या ठेवाव्यात. ‘संपूर्ण घर एकसलग, मध्ये एकही पट्टी नाही’ असे दृश्य छायाचित्रांत फार सुंदर दिसते. मुंबई-ठाण्याच्या पावसाळ्यात ते टिकवणे अवघड जाते. भिंतीत बसवलेली जड कपाटे आधी उभी करावीत आणि लॅमिनेट त्यांच्यापर्यंत आणून थांबवावे, कारण कपाटाच्या वजनाखाली चिमटली गेलेली जमीन सरकू शकत नाही आणि खोलीच्या मध्यावर उचलली जाते. पेट्या न उघडता किमान ४८ तास त्याच खोल्यांत आडव्या ठेवाव्यात. ठेकेदाराला घाई असते, तो पहिल्याच दिवशी पेट्या फोडायला बसतो. तेव्हा हे लेखी ठरवून घेतलेले बरे.

मोजमापाचा हिशेब सोपा आहे. स्वयंपाकघर, न्हाणीघरे, गॅलरी आणि कपाटांखालची जागा वगळल्यावर समजा दिवाणखाना १८०, दोन्ही शयनगृहे मिळून २३० आणि मधला बोळ ४०, असे ४५० चौरस फूट उरले. कापण्यात वाया जाणाऱ्या भागासाठी १० टक्के धरले की ४९५ होतात. १२१५ × १९५ मिलिमीटरच्या आठ पट्ट्यांच्या एका पेटीत सुमारे २०.४ चौरस फूट माल असतो. म्हणजे २५ पेट्या. सगळ्या पेट्यांवरचा बॅच क्रमांक एकच असावा आणि उरलेल्या पट्ट्या माळ्यावर जपून ठेवाव्यात, कारण दोन वर्षांनी तोच नमुना बाजारात मिळेलच असे नाही.

रंगाबाबत फार काही सांगण्यासारखे नाही. गडद तपकिरी रंगावर धूळ आणि पावलांचे ठसे सर्वाधिक दिसतात, मध्यम छटेच्या ओकवर सर्वांत कमी. दुकानातील दिव्यांखाली रंग ठरवू नये. दोन पट्ट्या घरी आणून सकाळी आणि रात्री खिडकीशेजारी ठेवून पाहाव्यात. पट्ट्या खिडकीतून येणाऱ्या उजेडाच्या दिशेने टाकाव्यात, बोळात मात्र लांबीच्या दिशेने.

प्रश्न : नागपूरला गेल्या वर्षी आम्ही तिन्ही खोल्यांत लॅमिनेट केले. मार्चमध्ये पट्ट्यांमध्ये बारीक फटी दिसू लागल्या, आणि एप्रिलमध्ये कूलर सुरू केल्यावर खिडकीजवळची जमीन वर आली. ठेकेदार म्हणतो, माल खराब निघाला. खरे कारण काय असावे?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : मालाला दोष देण्यापूर्वी वर आलेल्या जागेवर पाय दाबून पाहावा. जमीन पायाखाली दबून पुन्हा वर येत असेल, तर ती दोन्ही बाजूंनी भिंतीला टेकली आहे आणि रुंदावायला जागा न मिळाल्यामुळे कमानीसारखी उचलली गेली आहे. याउलट पट्टी खाली पक्की बसलेली असून केवळ सांध्याच्या कडा हाताला टणक वरंब्यासारख्या लागत असतील, तर तिथे प्रत्यक्ष पाणी शिरले आहे. पहिल्या प्रकारात दोष बसवणाऱ्याचा असतो आणि तो दुरुस्त होतो; दुसऱ्या प्रकारात त्या पट्ट्या बदलाव्याच लागतात.

आपल्या घरी दोन्ही गोष्टी झालेल्या असणे शक्य आहे. विदर्भात उन्हाळा सुरू होताच हवा इतकी कोरडी होते की पट्ट्या आकसतात आणि फटी पडतात. त्यानंतर वाळ्याच्या ताट्यांचा कूलर सुरू झाला की त्याच खोलीत दिवसभर ओलसर हवा कोंबली जाते. काही दिवसांत एवढा बदल सोसणे या वस्तूला जड जाते. त्यातच खिडकीत लावलेला कूलर आतल्या बाजूने थेंब-थेंब गळत असेल, तर ते पाणी नेमके भिंतीलगतच्या सांध्यात जाते. स्कर्टिंग काढून पाहावे. भिंतीपाशी फट नसेल तर पट्ट्यांची कड यंत्राने १० मिलिमीटर कापून घ्यावी. उचललेली जमीन बहुधा काही दिवसांत आपोआप बसते. कूलर बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन बसवावा आणि समोरची दुसरी खिडकी उघडी ठेवावी. हवा खेळती राहिली तर कूलरही नीट काम करतो आणि ओलही साठत नाही. ज्या खोलीत कूलर रोज चालणार, तिथे मी मुळातच लॅमिनेट सुचवले नसते.

प्रश्न : चिपळूणजवळच्या आमच्या गावी वडिलोपार्जित कौलारू घर आहे. खाली जुना कोबा आहे. सुटीत राहायला जातो, म्हणून सर्व खोल्यांत लॅमिनेट टाकून घर आधुनिक करावे असे मुलांचे म्हणणे आहे. आपले मत कळवावे.
– एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : माझे मत प्रतिकूल आहे, आणि मुलांना ते पटावे यासाठी एक चाचणी सुचवतो. पावसाळ्यात दीड फूट चौरस जाड प्लास्टिकचा कागद कोब्यावर अंथरून त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात. एक दिवस आणि एक रात्र तसाच ठेवून उचलल्यावर त्याच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब असतील किंवा कोबा काळवंडलेला दिसेल, तर जमिनीतून ओल वर येते आहे. जोत्यात ओल अडवणारा थर नसलेल्या जुन्या घरांत बहुधा असेच आढळते. वर लॅमिनेट टाकले की ती ओल खाली कोंडली जाईल, आणि घर महिनोन्‌महिने बंद राहणार असल्याने बुरशीचा वासही दार उघडेपर्यंत कुणाला कळणार नाही. लाकडी तंतू, ओल आणि अंधार यांचे आमंत्रण वाळवी कधी नाकारत नाही. अस्तित्वातील इमारतींमधील वाळवी-प्रतिबंधासाठी आयएस ६३१३ या भारतीय मानकाचा तिसरा भाग आहे, त्यानुसार उपचार करून घेता येतात. परंतु केवळ हौसेखातर आधी संकट आणून मग त्यावर उपचार करण्यात मला शहाणपण दिसत नाही. कोब्याला तडे गेले असतील तर ते भरून पॉलिश करून घ्यावे. उन्हाळ्यात त्याच्यावर नुसते आडवे पडण्याचे जे सुख आहे, ते कोणतीही छापील लाकडी पट्टी देऊ शकणार नाही.

प्रश्न : नऊ महिन्यांपूर्वी टाकलेल्या लॅमिनेटवर पांढरट धूसर थर दिसतो. आमच्याकडे काम करणाऱ्या ताई फिनेल टाकून रोज पुसतात. पॉलिश करून घ्यावे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : पॉलिश मुळीच करू नये. लॅमिनेट घासून पुन्हा चकचकीत करता येत नाही. घासले तर वरचा थर जाऊन खालचा छापील कागद उघडा पडेल. आपल्याला दिसणारा थर बहुधा फिनेलचा आणि साबणाचा साका आहे. कोमट पाण्यात थोडे पांढरे व्हिनेगर टाकून, त्यात भिजवलेले फडके अगदी कोरडे होईतो पिळून एक छोटा भाग पुसून पाहावा आणि लगेच दुसऱ्या सुक्या फडक्याने तो टिपावा. डाग गेला तर उरलेली जमीन तशीच स्वच्छ करावी. यापुढे फिनेल, मेण आणि वाफेचा पोछा ही तिन्ही बंद करून रोज मऊ केरसुणी किंवा व्हॅक्यूम क्लीनर आणि आठवड्यातून दोनदा घट्ट पिळलेले फडके पुरेसे आहे. ताईंना हे एकदा समोर बसवून, प्रत्यक्ष करून दाखवावे. ‘कमी पाणी घ्या’ एवढ्या सूचनेचा अर्थ प्रत्येक जण आपापल्या परीने लावतो.

प्रश्न : आम्ही भाड्याच्या घरात राहतो. लॅमिनेट टाकले तर घर सोडताना ते काढून नव्या घरी नेता येईल का?
– एक वाचक, कल्याण

उत्तर : क्लिक पद्धतीच्या, म्हणजे कडा एकमेकींत अडकणाऱ्या, पट्ट्या चिकटवलेल्या नसल्यामुळे त्या काढता येतात, आणि एकदा काढून पुन्हा बसवलेली जमीन चालू शकते. पण भिंतीलगतच्या कापलेल्या पट्ट्या नव्या खोलीच्या मापाला बसत नाहीत, काढताना काही सांधे तुटतात, आणि फोम व पॉलिथिन नवेच घ्यावे लागते. त्यामुळे नवी खोली आताच्या खोलीपेक्षा लहान असेल तरच हा व्यवहार परवडेल. घरमालकाची लेखी परवानगी मात्र आधीच घ्यावी, कारण त्यांची दारे रंधा मारून बुटकी केलेली असतील.